बालवयातील कुपोषण आणि मूत्रपिंडांची वाढ

कुपोषित बालकाकडे पाहताना प्रथम दृष्टीस पडतात ती त्याची बाहेरची लक्षणे. वजन घटलेले, दंड बारीक, त्वचा सुरकुतलेली, चेहरा म्लान. तराजू आणि दंडघेराची पट्टी यांच्या साहाय्याने या लक्षणांचे मोजमाप करता येते. परंतु ज्या काळात बालकाचे वजन वाढत नाही त्याच काळात त्याच्या शरीरातील इंद्रियांची वाढही अडून राहिलेली असते, आणि ती तराजूवर दिसत नाही. मूत्रपिंडे ही अशा इंद्रियांपैकी होत. त्यांच्या वाढीत एक वैशिष्ट्य आहे. मूत्रपिंडात काम करणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या बालक मातेच्या उदरात असतानाच ठरते. या घटकांचा आकार आणि त्यांची कार्यशक्ती मात्र जन्मानंतर वाढत जाते. यामुळे गर्भावस्थेतील कुपोषणाने होणारी हानी आणि जन्मानंतरच्या कुपोषणाने होणारी हानी यांत मोठा फरक पडतो. पहिली भरून येत नाही. दुसरी वेळीच उपाय केल्यास पुष्कळ अंशी भरून येते. माता व बालक यांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे.

मूत्रपिंडाची रचना

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. नवजात बालकाचे मूत्रपिंड सुमारे साडेचार सेंटिमीटर लांब असते. प्रौढपणी ही लांबी १० ते ११ सेंटिमीटर होते. हृदयातून दर मिनिटास जेवढे रक्त बाहेर पडते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहान इंद्रियांकडे जातो. प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडांत चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील पाणी, क्षार व इतर उपयुक्त द्रव्ये पुन्हा रक्तात शोषली जातात आणि शेवटी दीड ते दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर पडते.

हे काम करणाऱ्या सूक्ष्म घटकास नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनमध्ये अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली एक लांब नलिका असते. गुच्छात रक्त गाळले जाते व नलिकेत गाळलेल्या द्रवावर संस्कार होतात. एका मूत्रपिंडात सरासरीने नऊ ते दहा लाख नेफ्रॉन असतात असे मानले जाते. तथापि ही केवळ सरासरी होय. मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत काही व्यक्तींच्या एका मूत्रपिंडात जेमतेम दोन लाख, तर काहींच्या मूत्रपिंडात वीस लाखांहून अधिक नेफ्रॉन आढळले आहेत. वरवर सारख्याच दिसणाऱ्या निरोगी माणसांत जन्मतःच एवढे अंतर असू शकते.

संख्या जन्मापूर्वीच ठरते

गर्भाच्या मूत्रपिंडात नेफ्रॉन तयार होण्याची क्रिया गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते व सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. एकूण नेफ्रॉनांपैकी निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बालकात जन्मानंतर एकही नवा नेफ्रॉन निर्माण होत नाही. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकात ही क्रिया जन्मानंतर काही आठवडे चालू राहते. परंतु मातेच्या उदरात ती जितक्या व्यवस्थितपणे झाली असती तितकी बाहेर होत नाही.

गर्भास पोषण कमी पडल्यास शरीर मेंदू व हृदय यांसारख्या इंद्रियांचा रक्तपुरवठा आधी सांभाळते आणि त्याचा भार इतर इंद्रियांवर पडतो. मूत्रपिंडे त्यांपैकीच होत. गाभण उंदरांच्या आहारातील प्रथिने कमी केली असता त्यांच्या पिलांच्या मूत्रपिंडांत नेफ्रॉन कमी तयार होतात, हे प्रयोगांनी अनेकदा दिसून आले आहे. लोह व ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्यासही असाच परिणाम दिसतो. म्हणजे केवळ पोट भरणे पुरेसे नाही. आहाराचा कसही तितकाच महत्त्वाचा आहे.

माणसांतही जन्मवजन व नेफ्रॉनांची संख्या यांचा निकट संबंध आहे. अमेरिकेत झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मवजनातील प्रत्येक किलोग्रॅममागे एका मूत्रपिंडातील नेफ्रॉनांच्या संख्येत सुमारे अडीच लाखांचा फरक आढळला. अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेले बालक पुढे कितीही धष्टपुष्ट झाले, तरी नेफ्रॉनांची जी पुंजी घेऊन ते आले तीवरच त्यास आयुष्य काढावयाचे असते.

थोड्या नेफ्रॉनांवर अधिक भार

या तुटीचा परिणाम काय होतो? रहाटगाडग्याची निम्मी गाडगी फुटली आणि शेताला पाणी मात्र पूर्वीइतकेच हवे असले, तर रहाट अधिक वेगाने फिरवावा लागतो. त्यामुळे उरलेल्या गाडग्यांची झीज लवकर होते. थोडे नेफ्रॉन असलेल्या मूत्रपिंडाची स्थिती अशीच होते. शरीर वाढते, आहार वाढतो, गाळावयाचा मल वाढतो. हे सारे काम थोड्या नेफ्रॉनांना करावे लागते. ते आकाराने मोठे होतात व त्यांतील रक्ताचा दाब वाढतो. काही वर्षे काम सुरळीत चालल्यासारखे दिसते. पुढे गुच्छांतून अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात पाझरू लागते. काही गुच्छ निबर होऊन निकामी होतात आणि त्यांचा भार पुन्हा उरलेल्यांवर पडतो. असे हे दुष्टचक्र आहे.

जन्मतः नेफ्रॉन कमी असणे हे पुढील वयातील उच्च रक्तदाबाचे एक कारण असावे, असा विचार अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडला. जर्मनीत अपघाताने मृत्यू पावलेल्या वीस व्यक्तींच्या मूत्रपिंडांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उच्च रक्तदाब असलेल्या दहा जणांत दर मूत्रपिंडामागे सुमारे सात लाख नेफ्रॉन होते, तर तो नसलेल्या त्याच वयाच्या दहा जणांत सुमारे चौदा लाख. व्यक्तींची संख्या लहान असली तरी अंतर दुपटीचे होते. पुढे २००९ साली अनेक देशांतील पाहण्यांचे एकत्रित परीक्षण करण्यात आले. कमी वजनाने जन्मलेल्या व्यक्तींत मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसून आले.

याचा अर्थ कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बालकास पुढे हा विकार होतोच, असा नव्हे. बहुतेकांचे आयुष्य निरोगी जाते. मात्र मधुमेह, लठ्ठपणा, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा दाह किंवा वेदनाशामक औषधांचा अतिरेक यांपैकी एखादा भार नंतर पडल्यास अशा व्यक्तीच्या मूत्रपिंडात तो सोसण्याची शक्ती कमी असते.

जुन्या नोंदवह्यांची साक्ष

बालपणातील पोषण व प्रौढपणातील विकार यांचा संबंध उघड होण्यास ज्या नोंदी उपयोगी पडल्या, त्या एका साध्या नोंदवहीतल्या होत्या. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या अधिकारी परिचारिकेच्या देखरेखीखाली १९११ सालापासून नवजात बालकांची वजने नोंदविली जात. परिचारिका घरोघर जात आणि बालक एक वर्षाचे झाल्यावर पुन्हा वजन घेत. या वह्यांचा पुढे काय उपयोग होईल हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. अनेक दशकांनी डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा मागोवा घेतला. जन्माच्या वेळी आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस ज्यांचे वजन सर्वांत कमी होते त्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत अधिक असल्याचे त्यांनी १९८९ साली दाखवून दिले.

मूत्रपिंडांविषयीचा असाच पुरावा हॉलंडमधून मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तेथील पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई झाली व प्रौढ माणसाचा दैनिक शिधा एक हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात मातेच्या उदरात असलेल्या व्यक्तींची पन्नाशीच्या सुमारास तपासणी करण्यात आली. गर्भावस्थेच्या मधल्या काळात ज्यांना दुष्काळाची झळ लागली होती त्यांच्या मूत्रात अल्ब्युमिन पाझरण्याचे प्रमाण १२ टक्के, तर ज्यांना ती लागली नव्हती त्यांच्यात ७ टक्के आढळले. काही महिन्यांच्या उपासमारीची खूण अर्धशतकानंतरही पुसली गेली नव्हती.

जन्मानंतरचे कुपोषण

जन्मानंतर नेफ्रॉनांची संख्या वाढत नसली तरी प्रत्येक नेफ्रॉनची वाढ होत राहते. नवजात बालकाच्या मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती अल्प असते; शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने ती सुमारे दोन वर्षांच्या वयात प्रौढाच्या बरोबरीस येते. म्हणजे बालक अंगावरील दुधावरून वरच्या अन्नावर येते तो काळ आणि मूत्रपिंडाच्या जोमदार वाढीचा काळ एकच होय. नेमक्या याच काळात आपल्याकडे कुपोषणाचा आरंभ होतो.

तीव्र कुपोषण झालेल्या बालकांची मूत्रपिंडे त्याच वयाच्या सुदृढ बालकांपेक्षा लहान असतात. सुकटी व सुजवटी या दोन्ही प्रकारांत मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ आणि गाळण्याचा वेग मंदावतो. जमैका बेटावरील किंग्स्टन येथे जॉर्ज अ‍ॅलेन यांनी अशा बालकांचा अभ्यास करून १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुपोषित अवस्थेत मंदावलेले हे कार्य बालक योग्य आहाराने सुधारल्यावर पुन्हा वाढते, असे त्यांना आढळले. या विषयातील सर्वांत आशादायक गोष्ट हीच होय.

मंदावलेल्या कार्याचे परिणाम मात्र त्या काळात घातक ठरू शकतात. मूत्र दाट करण्यासाठी मूत्रपिंडास यूरियाची गरज असते आणि यूरिया प्रथिनांपासून तयार होतो. आहारात प्रथिने नसली म्हणजे मूत्र पातळच राहते. शरीरात पाणी कमी पडले तरी ते राखून ठेवता येत नाही, म्हणून अतिसारात असे बालक लवकर कोमेजते. फॉस्फेटच्या कमतरतेमुळे शरीरातील आम्ल बाहेर टाकण्याची शक्तीही घटते. उलट मीठ शरीरात साठून राहते व पोटॅशियमचा साठा घटतो.

उपचारात घ्यावयाची काळजी

वरील माहिती लक्षात घेतली म्हणजे तीव्र कुपोषित बालकावरील उपचारांचे नियम इतके काटेकोर का, हे उमगते. ‘मूल उपाशी आहे, त्यास लवकर भरपूर खाऊ घालावे’ ही भावना स्वाभाविक आहे. परंतु दुबळे हृदय, यकृत व मूत्रपिंडे यांना तो भार पेलत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत आहाराचे दोन टप्पे सांगितले आहेत. आरंभीच्या दुधाळ आहारात दर १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरी व केवळ ०.९ ग्रॅम प्रथिने असतात. तो थोडा थोडा, दिवसरात्र ठरावीक अंतराने द्यावयाचा असतो. बालकाची प्रकृती स्थिरावून भूक परत आल्यावर १०० कॅलरी व २.९ ग्रॅम प्रथिने असलेल्या आहाराकडे हळूहळू वळावयाचे असते.

पुढील गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

१. अतिसार झाल्यास तीव्र कुपोषित बालकास द्यावयाचे जलसंजीवनी द्रावण वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सूचनेप्रमाणे, तोंडाने आणि सावकाश द्यावे. अशा बालकास सोडियम कमी व पोटॅशियम अधिक लागते. बेशुद्धी किंवा रक्ताभिसरण कोसळण्याची स्थिती नसल्यास शिरेतून द्रव देण्याची घाई करू नये.

२. सुजवटीत दोन्ही पायांवर सूज येते. ती उतरविण्यासाठी लघवी वाढविणारे औषध कदापि देऊ नये. सूज योग्य आहारानेच उतरते.

३. सुजलेल्या प्रत्येक बालकाच्या मूत्रातील अल्ब्युमिनची तपासणी करावी. मूत्रातून अल्ब्युमिन मोठ्या प्रमाणात जात असल्यास तो मूत्रपिंडाचाच विकार असण्याचा संभव असतो व त्याचे उपचार वेगळे असतात.

४. रक्तातील क्रिएटिनिनच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हे द्रव्य स्नायूंपासून निर्माण होते. कुपोषित बालकाचे स्नायूच झिजलेले असल्याने मूत्रपिंडाचे कार्य घटले असतानाही हा आकडा कमी दिसतो आणि सर्व ठीक असल्याचा भ्रम होतो.

५. मूत्रपिंडास अपाय करू शकणारी औषधे बालकाचे वजन नुकतेच मोजून, वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरविलेल्या मात्रेतच द्यावीत.

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा दोन्ही पायांवर सूज असलेल्या बालकास विनाविलंब आरोग्य केंद्रात दाखवावे.

प्रतिबंधाचा आरंभ मातेपासून

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी, तर १९.३ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. जन्मवजनाची नोंद असलेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाची होती. या आकड्यांमागे मूत्रपिंडांचाही प्रश्न दडलेला आहे.

नेफ्रॉनांची संख्या गर्भावस्थेतच ठरत असल्याने खरा प्रतिबंध मातेच्या ताटापासून सुरू होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ साली परिसरातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उद्बोधक आहेत. ज्या स्त्रियांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा होती त्यांची बालके जन्मतः मोठी होती. याच अभ्यासात पुढे असेही आढळले की, गरोदरपणी शेतातील व पाणी वाहण्याचे जड काम करणाऱ्या स्त्रियांची बालके लहान होती. गरोदर स्त्रीस विश्रांती देणे हे लाड नव्हेत. तो पोषणाचाच भाग होय.

मेथी, माठ, चाकवत, शेवग्याचा पाला, नाचणी, डाळी, शेंगदाणे, तीळ, पपई, लाल भोपळा, अंडी, किनारपट्टीवर तारली-बांगडे यांसारखी स्वस्त मासळी, हे पदार्थ बहुतेक घरांच्या आवाक्यात असतात. प्रश्न पुष्कळदा उपलब्धतेचा नसून घरात सर्वांत शेवटी कोण जेवते याचा असतो. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या नियमितपणे घ्याव्यात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा मात्र गरोदरपणी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; त्यांपासून गर्भास अपाय होण्याची भीती असते. मशेरी व तंबाखू यांचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. मुंबईत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. अल्पवयात विवाह व लागोपाठची बाळंतपणे ही कमी जन्मवजनाची आणखी दोन कारणे होत.

बालक जन्मल्यावर पहिले सहा महिने केवळ स्तनपान, त्यानंतर स्तनपान चालू ठेवून घट्टसर व सकस वरचा आहार, वेळेवर लसीकरण आणि अतिसारावर तत्काळ उपाय, हा क्रम सांभाळला म्हणजे मूत्रपिंडांच्या वाढीचीही काळजी आपोआप घेतली जाते. कमी वजनाने जन्मलेल्या बालकास पुढे बिस्किटे, तळलेले व खारट खाऊ देऊन केवळ लठ्ठ करणे हे मात्र पोषण नव्हे. उंचीबरोबर वाढणारे वजन हितकर. नुसत्या मेदाने वाढलेले वजन थोड्या नेफ्रॉनांवर नवा भार टाकते.

एका नोंदीचे मोल

जन्मवजनाची नोंद बहुधा प्रसूतीच्या कागदावर होते आणि तो कागद काही वर्षांत हरवतो. शाळेत गेलेल्या मुलाचे किंवा तरुणाचे जन्मवजन विचारले असता क्वचितच उत्तर मिळते. वस्तुतः मूत्रपिंडातील नेफ्रॉन जिवंत माणसात सहजासहजी मोजता येत नाहीत. त्यांच्या संख्येचा अदमास देणारी, कोणत्याही खेड्यात फुकट मिळणारी खूण म्हणजे जन्मवजन होय. यास्तव ते माता-बाल संरक्षण पत्रिकेवर स्पष्ट आकड्यांत लिहावे, बालक दिवस भरण्यापूर्वी जन्मले असल्यास तसे नमूद करावे आणि ती पत्रिका शाळेच्या दाखल्याइतकीच जपून ठेवण्यास पालकांस सांगावे. अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या मुलाचा रक्तदाब आरोग्य तपासणीच्या वेळी आठवणीने मोजावा. मोठेपणी अशा व्यक्तीने रक्तदाब व मूत्रातील अल्ब्युमिन यांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी, मीठ बेताचे खावे आणि वेदनाशामक गोळ्या वैद्यांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. अशा स्त्रीच्या गरोदरपणी रक्तदाबाकडे विशेष लक्ष पुरवावे.

हर्टफर्डशायरच्या परिचारिकांनी आपल्या वहीत जे आकडे लिहिले त्यांचा अर्थ लागण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. आज अंगणवाडी सेविका वा परिचारिका जे जन्मवजन लिहिते त्याचा अर्थ लिहितानाच ठाऊक असतो. तो आकडा अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी असला, तर त्या बालकाच्या आहाराकडे पहिली दोन वर्षे अधिक बारकाईने लक्ष द्यावे. त्याच्या मातेच्या पुढील गरोदरपणाची काळजी तर त्याच दिवसापासून सुरू करावी. पहिल्या बालकाच्या वाट्यास न आलेले पोषण दुसऱ्यास मिळवून देणे शक्य असते.